नंतर की म्हणून

मुक्ताबाई मराठीत नापास झाल्या होत्या, त्याही दोनदा. गणित सुटलं, इंग्रजी सुटलं, शास्त्रसुद्धा सुटलं. जन्मापासून जी भाषा बोलत आल्या, तीच तेवढी राहिली. आमचे भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर श्रीनिवास, पोस्टातून निवृत्त झाल्यापासून दारात खुर्ची टाकून बसतात आणि जिना चढून येणाऱ्याची हजेरी घेतात. त्यांना हे कळलं तेव्हा म्हणाले, "वा! म्हणजे तुमचं लिहिलेलं इंग्रजांना कळतं, आम्हालाच कळत नाही."

मुक्ताबाई हसल्या. "तसंच हाय भाऊ," म्हणाल्या आणि चपला काढून आत आल्या.

त्यांना माझ्याकडे सुहासिनीने पाठवलं होतं. सुहासिनी आणि मी एका शाळेत शिकवत होतो. नंतर ती वारज्याला राहायला गेली आणि तिथल्या महिला मंडळाची बालवाडी चालवू लागली. मुक्ताबाई त्या बालवाडीत अकरा वर्षं मदतनीस. झाडलोट करायची, खाऊ शिजवायचा, मुलांची नाकं पुसायची आणि गोष्टी सांगायच्या. सुहासिनी म्हणायची, "श्यामलाताई, वर्ग माझा असतो पण मुलं तिची असतात." आता सुहासिनी जानेवारीत मुलाकडे नाशिकला कायमची जाणार होती. वर्ग मुक्ताबाईंना द्यावा असं तिने मंडळाला सांगून ठेवलं होतं. पण मंडळाचा नियम होता, शिक्षिका दहावी झालेली हवी. ऑक्टोबरच्या परीक्षेत मराठी सुटलं तर वर्ग मुक्ताबाईंचा. नाही सुटलं तर वाघोलीची एक मुलगी ठरलेलीच होती.

"वीस वर्षांची हाय ती," मुक्ताबाई म्हणाल्या. "चांगली हाय पोरगी, तिला नावं ठेवत न्हाई मी. पण माझी पोरं तिच्या हातात द्यायची आन् मी पुन्हा झाडू घ्यायचा, ते काय जमंल असं वाटत न्हाई मला."

त्या तेव्हा छत्तीस वर्षांच्या होत्या. सासर आणि माहेर दोन्ही वारज्यातच. वारजे नुकतंच महापालिकेत आलं होतं. त्यांचा भाऊ आठवड्यातून तीनदा पालेभाजी घेऊन मंडईत येई. त्याच्या टेम्पोतून त्या यायच्या, माल उतरवायला हात लावायच्या आणि नऊच्या सुमाराला चालत आमच्याकडे शुक्रवार पेठेत. बालवाडी दुपारची असल्यामुळे अकरापर्यंत त्यांना वेळ असायचा.

अडचण माझी होती. माझा चातुर्मासाचा एक नेम आहे. सकाळी पूजेला बसल्यापासून दुपारी देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत बोलायचं नाही. मी सुहासिनीला फोनवर म्हटलं, "अगं, न बोलता शिकवू कशी?"

ती म्हणाली, "पाटीवर शिकवा. बोलायला तिला येतंच, लिहायला येत नाही."

म्हणून मांडीवर पाटी घेऊन मी शिकवायला बसले. मुक्ताबाईंना पहिल्या दिवशी फार संकोच वाटला. दुसऱ्या दिवशी त्या भावजींना म्हणाल्या, "बाई बोलत न्हाईत आन् मला लिवता येत न्हाई. चांगली जोडी जमलीया."

पहिला निबंध मी त्यांना घरून लिहून आणायला सांगितला होता, 'माझ्या गावातील बदल'. अक्षर गोल, नीटनेटकं. शुद्धलेखनही फार वाईट नव्हतं. पण मजकूर असा होता : 'आमचे गाव शहरात गेले. मग रस्ता मोठा झाला. मग विहीर बुजवली. मग नळ आला. मग बायका विहिरीवर भेटेनाशा झाल्या. मग नवीन इमारती झाल्या.' दीड पानात एकोणीस वेळा 'मग' होतं. मी मोजलं. वाचताना असं वाटत होतं, की कोणीतरी एकेक भांडं आणून समोर ठेवतंय आणि ते कशासाठी आणलंय ते सांगत नाही.

मी अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवलं. अशा वेळी काय करायचं ते मला पाठ होतं. मी वहीच्या मागच्या पानावर जोडशब्दांची यादी लिहून दिली. परंतु, तथापि, म्हणून, परिणामी, याउलट, तरीही, त्याचप्रमाणे, थोडक्यात. शाळेत मी मुलींना हीच यादी पाठ करायला लावत असे. पाटीवर लिहिलं, 'हे वापरा.'

त्यांनी वापरले. पुढच्या खेपेला निबंध आला तो भावजींनी दारातच हातात घेतला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"'आमच्या घरी दोन म्हशी होत्या. तथापि एक गाय होती. याउलट दादा पहाटे उठत. परिणामी आई उठे.'" भावजी थांबले. चष्मा वर केला. "वहिनी, शेवटचं वाक्य मात्र सरकारी गॅझेटमध्ये छापण्यासारखं आहे. परिणामी आई उठे! बरोबरच आहे. नवरा उठल्यावर दुसरं काय होणार?"

मुक्ताबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. "मला वाटलं, भाजीवर कोथिंबीर भुरभुरतो तसं भुरभुरायचं. यादी तुम्हीच दिलीत बाई."

हसण्याने मौन मोडतं का, हे मी कुठल्याही पोथीत वाचलेलं नाही. त्या दिवशी मी देवाकडे माफी मागून हसून घेतलं. पण दुपारी जेवताना माझ्या मनातून ते जाईना. चूक त्यांची नव्हती. मी त्यांना शब्द दिले होते, पण दोन गोष्टींमध्ये नातं काय आहे हे विचारलंच नव्हतं. नातं माहीत नसताना मावशी म्हणायचं की आत्या, हे यादी पाहून कसं ठरणार? अठ्ठावीस वर्षं मी मुलींना नात्याशिवाय नावं पाठ करायला लावली, आणि त्या हुशार होत्या म्हणून निभावलं.

त्यानंतर मी यादीचं पान फाडून टाकलं. मुक्ताबाईंना म्हटलं, म्हणजे पाटीवर लिहिलं, 'तुमचं मगच बरं आहे. मगच लिहा.' त्यांनी लिहून आणलं की मी प्रत्येक 'मग'च्या डोक्यावर बारीक अक्षरात प्रश्न टाकायची : 'नंतर? म्हणून? तसं असेल तर?' आणि वही त्यांच्याकडे फिरवायची. त्या तोंडाने उत्तर द्यायच्या आणि मग तो शब्द लिहायच्या.

"'विहीर बुजवली. मग बायका भेटेनाशा झाल्या.' हे नंतर... न्हाई, न्हाई. म्हणून! बुजवली म्हणूनच भेटंनाशा झाल्या. नाहीतर कशाला घरात बसतील?" आणि स्वतःशीच, "आता हे 'नाहीतर' पण लिवू का? लिवतेच."

एकदा म्हणाल्या, "बाई, एका मगला तीन मालक हायेत. म्हणून तो कुणाचंच काम करत न्हाई."

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते माझ्या डायरीत उतरवून ठेवलं. हळूहळू परिच्छेदही लागू लागले. पूर्वीचं एकीकडे, आत्ताचं एकीकडे, आणि दोन्ही एकमेकांसमोर. त्यांना ते मेथीच्या जुड्या लावण्यासारखं वाटायचं. कोवळ्या एका बाजूला, जून एका बाजूला, सरमिसळ केली की गिऱ्हाईक हात लावत नाही. भाद्रपद सरेपर्यंत त्यांचं लिहिणं असं झालं होतं की मी तपासनीस असते तर डोळे मिटून पास केलं असतं.

आणि मग ती ओळ आली.

परीक्षेला अठरा दिवस राहिले होते. गावातील बदलाचाच निबंध त्यांनी पुन्हा नव्याने लिहून आणला होता. छान उतरला होता. रस्त्याने रान कसं दोन भागांत तोडलं, म्हणून पाणी पलीकडे कसं राहिलं, त्यामुळे वैरण कशी मिळेनाशी झाली, सगळं एकाला एक धरून चाललं होतं. अख्ख्या तीन पानांत एकच 'मग' राहिला होता. 'चैत्रात आम्ही गुरे विकली. मग दादा वारले.'

दादा म्हणजे त्यांचे वडील. ते नाहीत एवढं मला माहीत होतं. मी सवयीने त्या 'मग'वर लिहिलं, 'नंतर की म्हणून?' आणि वही फिरवली.

मुक्ताबाईंनी वाचलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. तोंडाने बोलले असते तर मी तो प्रश्न जरा आडवळणाने विचारला असता, आवाज खाली आणला असता. कागदावर तो उघडाच पडला होता.

"बाई, ह्याला काय लिवू?" त्या म्हणाल्या.

मी पाटी बाजूला ठेवली.

"गुरं विका म्हणून म्याच सांगितलं दादास्नी," त्या खाली बघून बोलू लागल्या. "भाऊ मंडईत, आईचं गुडघं धरलेलं. वैरण आणायची म्याच, शेण काढायचं म्याच, आन् दुपारी बालवाडी. एक दिवस जाऊन म्हटलं, दादा, मला झेपत न्हाई, विकून टाका. दादा नुसतं बरं म्हणाले. एका शब्दानं 'का' म्हणाले न्हाईत. चैतात गुरं गेली. जेठात दादा गेले. रोज पहाटं उठून मोकळ्या गोठ्यात जाऊन बसायचे. चार वर्षं झाली. मला कुणी बोललं न्हाई, आईसुदीक न्हाई." शेवटी म्हणाल्या, "बाई, 'मग' लिवलं की बरं असतं. 'मग' कुणाला बोल लावत न्हाई."

त्यांनी वही पिशवीत घालायला घेतली, तेव्हा मी बोलले. "मुक्ताबाई, थांबा. ती ओळ राहू द्या."

माझा आवाज मलाच घोगरा वाटला. मुक्ताबाई दचकल्या. स्वतःचं विसरून म्हणाल्या, "अगं बाई! तुमचा नेम मोडला माझ्यापायी!"

"नेम देवाचा आहे. तो समजून घेईल," मी म्हटलं. "बसा जरा."

त्या बसल्या. मी त्यांना माझं सांगितलं. सांगण्याची मला सवय नाही, त्यामुळे थोडक्यातच सांगितलं. आमचे हे सात महिने अंथरुणाला होते. मी सोळा सोमवार केले, प्रदोष केले, जे कोणी सांगेल ते केलं. तरी ते गेले. दहाव्यालाच एक जवळच्या बाई म्हणाल्या, कुठेतरी व्रतात चुकलं असेल, म्हणून असं झालं. मला ते कितीतरी वर्षं खरं वाटत होतं. कुठे चुकलं ते मी शोधत बसायची. उद्यापनाला एक सवाष्ण उशिरा आली होती, तेच का, असं.

"पुढं?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"पुढे काही नाही. एक दिवस कळलं, की तो 'म्हणून' त्या बाईंचा होता, माझा नव्हता. माझ्या वाक्यात 'तरी' आहे. व्रतं केली तरी ते गेले. ते गेले तरी मी व्रतं करते. तेवढ्यावर माझं चालतं. तुमच्या वाक्यात कोणता शब्द आहे ते मला माहीत नाही, मुक्ताबाई. तुमच्या आईंना कदाचित माहीत असेल."

"आईला इचारू? आन् आई म्हणाली, व्हय, म्हणूनच, तर?"

मी वही उचलून त्यांच्या पिशवीत ठेवली.

त्या गेल्या. मौन मोडलं म्हणून मी दुपारी जेवले नाही. खरं सांगायचं तर भूकही नव्हती.

पुढच्या खेपेला मुक्ताबाई आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. माझा जीव थाऱ्यावर राहीना. एवढे महिने त्या बाईने कष्ट केले आणि मी ते पेनाच्या एका फटकाऱ्याने घालवले की काय? निबंधात एक 'मग' राहिला असता तर किती मार्क जाणार होते, अर्धा? जपाच्या माळेचे मणी ओढले जायचे आणि मन वारज्याला. भावजींनी दोन दिवस पाहिलं. मग म्हणाले, "विद्यार्थिनी पळाली, की पळवली?" मी काहीच बोलले नाही, आणि तेव्हा माझी मौनाची वेळही नव्हती. ते ओशाळले असावेत. दुसऱ्या दिवशी सकाळीच पिशवी घेऊन मंडईत गेले आणि कोथिंबिरीच्या चार जुड्या घेऊन आले. घरात माणसं दोन.

"तिचा भाऊ भेटला," खुर्चीत बसत म्हणाले. "बरी आहे. आईपाशी बसून असते म्हणे. आणि वहिनी, एवढ्या कोथिंबिरीचं काय करायचं ते तुम्ही बघा. नुसतं विचारून यायला बरं दिसेना."

परीक्षेला आठ दिवस असताना जिन्यावर दोन माणसांची पावलं वाजली. एक मुक्ताबाईंची. दुसरी पावलं दर पायरीला थांबत होती. "आई, सावकाश," असं ऐकू आलं आणि पाठोपाठ, "सावकाशच येती गं, पळायला काय माझ्यामागं वाघ लागलाय?" भावजींनी उठून खुर्ची पुढे केली. तुळजाबाई, मुक्ताबाईंच्या आई, खुर्चीकडे न बघता सरळ आत आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. सत्तरीच्या पुढच्या, कपाळावर काही नाही, डोळे तीक्ष्ण.

"ह्याच का त्या न बोलणाऱ्या बाई?" त्यांनी लेकीला विचारलं. मी हात जोडले. "बरं हाय. आमच्याकडं समद्याच बोलतात."

मी मुक्ताबाईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे सुजलेले होते, पण चेहरा निवळलेला दिसत होता.

"सांग आई, मला सांगितलंस तसं."

"काय सांगायचं?" तुळजाबाई म्हणाल्या. "पोरीनं परवा इचारलं, गुरं विकली म्हणून दादा गेलं का? मी म्हटलं, खुळी का काय तू? उलटं हाय ते. म्हातारा माघातच दवाखान्यात जाऊन आल्ता. फुप्फुसाचं सांगितलं डॉक्टरनं, लई दिस न्हाईत म्हणाला. घरी येताना मला म्हणाला, पोरांना बोलू नगंस. आन् मी गेल्यावर ही जनावरं कुणाच्या गळ्यात? पोरीच्याच की. चाकणच्या बाजारातल्या दलालाला त्यानं सांगावा धाडला हुता. पोरीला सांगायचं कसं, ह्याच घोरात हुता. तेवढ्यात हीच येऊन म्हणाली, दादा, विका. बाहेर येऊन मला म्हणतोय, बरं झालं, तिनंच म्हटलं, आता कारण सांगाया नगं."

मी पाटीवर लिहिलं आणि मुक्ताबाईंनी ते आईला वाचून दाखवलं, "बाई इचारतात, चार वर्षं मला का सांगितलं न्हाई?"

"हिनं इचारलं कुठं?" तुळजाबाई म्हणाल्या. "त्यानं नगं म्हटलं हुतं सांगू. मला काय ठावं ही आत काय गिळून बसलीया? मोकळ्या गोठ्यात बसायचा म्हणती. बसंल न्हाई तर. घरात खोकला तर पोरांना कळलं असतं." मग लेकीच्या पाठीत एक धपाटा घालून म्हणाल्या, "शिकलेली म्हणं!"

मुक्ताबाईंनी पिशवीतून वही काढली. तीच तीन पानं, नव्याने उतरवलेली. ती जागा त्यांनी बोटाने दाखवली. आता तिथे असं होतं : 'दादांना आपले दूखणे कळले होते, म्हणून त्यांनी चैत्रात गुरे विकली. त्यानंतर दोन महिन्यांनी ते वारले. मला हे माहीत नव्हते आणि मीच गुरे विका म्हणाले, तरी ते माझ्यावर रागावले नाहीत.'

"खालचं वर घेतलं, बाई," त्या म्हणाल्या. "चार वर्षं मी मरणापासून मागं मोजत हुते. दुखणं आधी हुतं, ते मला ठावंच नव्हतं. पहिला दगडच चुकीचा ठेवला, तर भित कशी सरळ येणार?"

मी ती वाक्यं दोनदा वाचली. मग लाल पेनाने 'दूखणे'चा उकार ऱ्हस्व केला.

"काय चुकलं?" तुळजाबाईंनी मान पुढे केली.

"उकार, आई."

"तेवढंच व्हय?"

मी मान हलवली. तेवढंच. भावजी दारातून आत बघत होते. नैवेद्याला वेळ होता, तरी मी दोघींना वाढून घेतलं. कोथिंबिरीच्या वड्या होत्या. पानं मांडताना तुळजाबाई म्हणाल्या, "बाई, तुम्ही बोलू नगा, पण जेवा तरी आमच्यासंगं." मला ते करता येत नव्हतं. मी त्यांच्या पानासमोर बसून वाढत राहिले.

परीक्षा झाली. त्या वर्षी निबंधाला चार विषय होते, त्यांतला एक 'माझ्या परिसरातील बदल' असा होता. विषय तोच, गावाच्या जागी परिसर. मुक्ताबाई केंद्रातून सरळ आमच्याकडे आल्या, पण मी त्या दिवशी नैवेद्य लांबवला होता, मौन सुटलं नव्हतं, म्हणून त्यांनी भावजींना सगळा पेपर सांगितला. भावजींनी थट्टा न करता ऐकून घेतला आणि शेवटी एवढंच विचारलं, "परिणामी कुठे घातलंत?"

"कुठंच न्हाई," मुक्ताबाई म्हणाल्या. "गरज पडली न्हाई, भाऊ."

कार्तिकात माझा नेम संपला. निकाल मार्गशीर्षात लागला, गुरुवारी. मराठीत चव्वेचाळीस. मुक्ताबाईंचा फोन सुहासिनीच्या घरून आला. आधी सुहासिनी बोलली, मंडळाने जानेवारीपासून वर्ग मुक्ताबाईंच्या नावाने केल्याचं सांगितलं. मग मुक्ताबाई बोलल्या. पहिल्यांदाच मी नेम न मोडता त्यांच्याशी सकाळच्या वेळी तोंडाने बोलत होते, आणि दोघींनाही ते जरा अवघडच गेलं.

"आईला निबंध वाचून दाखवला," त्या म्हणाल्या. "कच्च्या वहीतला. दादांचं आलं तेव्हा मान खाली घालून ऐकलं. सगळं झाल्यावर म्हणती, एवढं खरं त्या तपासणाऱ्याला सांगितलंस? तो कोण आपला?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, आई, कुणी का असंना. वाचलं तर खरं त्यानं."